जुलाबाचे कारण शोधणारी पीसीआर चाचणी

जिवाणू, विषाणू किंवा परजीवींमुळे होणाऱ्या जुलाबांना संसर्गजन्य अतिसार म्हणतात. लक्षणांवरून नेमका जंतू ओळखणे बहुधा शक्य नसते. नेहमीच्या पद्धतीत शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात किंवा त्याचे कल्चर करतात, म्हणजे त्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवतात. कल्चरला साधारण दोन-तीन दिवस लागतात आणि त्यात विषाणू सापडत नाहीत.

चाचणी कशी होते?

पीसीआर चाचणीत जंतू वाढवावे लागत नाहीत. नमुन्यातील डीएनए आणि आरएनए वेगळे करून, प्रत्येक जंतूच्या ओळखीच्या जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती तयार केल्या जातात. तो तुकडा नमुन्यात असेल तरच प्रती तयार होतात. मल्टिप्लेक्स प्रकारात एकाच वेळी अनेक जंतू तपासता येतात. काही संच २२ प्रकारचे जंतू सुमारे तासाभरात शोधतात.

काय फरक पडला?

आफ्रिका आणि आशियातील सात ठिकाणी पाच वर्षांखालील मुलांच्या मध्यम ते तीव्र अतिसाराचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात कोलकात्याचाही समावेश होता. त्यातील नमुने पीसीआरने पुन्हा तपासल्यावर २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्वी सुमारे ५२ टक्के अतिसाराचे कारण जंतूंकडे बोट दाखवून सांगता येत होते. ते प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांवर गेले. शिगेला हा जिवाणू पूर्वीच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक आढळला.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काय?

जनुकीय तुकडा सापडला म्हणजे तोच जंतू आजाराचे कारण आहे, असे नाही. मेलेल्या जंतूंचे अंशही सापडतात. निरोगी माणसाच्या आतड्यातही काही जंतू असतात; क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल तान्ह्या बाळांत त्रास न देता राहतो. एकाच नमुन्यात दोन-तीन जंतूही निघतात. म्हणून अहवाल लक्षणांशी ताडून पाहावा लागतो. कोणते अँटिबायोटिक लागू पडेल, हे ठरवायला सहसा कल्चरच लागते.

चाचणी केव्हा करावी?

बहुतेक जुलाब चाचणीविना बरे होतात. ओआरएस, आणि लहान मुलांना त्यासोबत झिंक, हाच मुख्य उपचार. अहवालासाठी तो थांबवू नये. शौचातून रक्त, जास्त ताप, लांबलेले जुलाब, कमकुवत प्रतिकारशक्ती किंवा साथ असेल तर डॉक्टर चाचणी सांगतात. शिगा विष तयार करणारा ई. कोलाय आढळल्यास अँटिबायोटिक सहसा टाळतात, कारण त्याने मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढू शकतो.