वर्धेच्या दोन तीरांवरील दोन परिषदा

नागपूरहून भुसावळकडे जाणारी आगगाडी वर्धा स्टेशन मागे टाकून पुलगावास येते आणि तेथून नदीच्या पुलावरून वऱ्हाडात शिरते. ह्या पुलगावास लागूनच नाचणगाव हे जुने गाव आहे. सन १८६७ मध्ये हा लोहमार्ग नागपुरास पोहोचला, आणि ते शतक संपण्यापूर्वीच पुलगावी कापडाची गिरणीही उभी राहिली. म्हणजे आगगाडी व गिरणी ह्या दोन्ही यंत्रांचा शेजार नाचणगावास एकाच हयातीत घडला. कापूस बाहेर जाऊ लागला व सूत आत येऊ लागले. ह्या मुलखात जाडेभरडे विणणारे महार व तलम विणणारे कोष्टी ह्यांच्यावर त्याचे परिणाम सारखे झाले नाहीत. सूतकताई आधी बसली. माग मात्र गिरणीच्याच सुतावर कसाबसा तग धरून राहिला.

यंत्रापुढे समाजाने वागावे कसे, ह्याचा विचार करण्यासाठी आपल्या देशात ज्या परिषदा भरल्या, त्यांपैकी एकीची कचेरी नाचणगावाच्या पश्चिमेस अमरावतीस होती, व दुसरी पूर्वेस वर्ध्यास भरली. परिषदांचा इतिहास लिहिताना ठराव मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु परिषद कोणी बोलावली, तीत कोणास बोलावले, आणि मंडप उठल्यावर दप्तर कोणाच्या हाती राहिले, ह्या प्रश्नांची उत्तरे ठरावांपेक्षा अधिक बोलकी असतात.

ह्या परंपरेचा उगम पुण्यास शोधला पाहिजे. सन १८९० मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्या पुढाकाराने पश्चिम हिंदुस्थानची औद्योगिक संस्था स्थापन झाली व तिची पहिली परिषद पुण्यात भरली. रानड्यांनी प्रारंभीच्या भाषणास विषय घेतला तो डच लोकांच्या जावा बेटातील शेतीपद्धतीचा! राजकीय सत्तेचे जोखड सर्वांस दिसते, परंतु परक्यांच्या भांडवलाचे व कसबाचे जोखड न जाणवता राष्ट्राच्या अंगची हालचालच थांबविते, असा त्यांचा आशय होता. एवढ्यावर न थांबता, सेव्हिंग बँकांत साठलेला पैसा स्थानिक मंडळांच्या द्वारे उद्योगांस कर्जाऊ मिळावा, अशी योजनाही त्यांनी पुढे ठेवली. पुढील वर्षांत कर्जव्यवस्था, लोखंडाचा धंदा, खानेसुमारी असे विषय घेऊन त्यांनी निबंध वाचले. सभेत बोलावयाचे ते आधी लिहून आणावे व आकड्यांनी सिद्ध करावे, हा धडा त्यांनी स्वतःच्या वर्तनाने घालून दिला. सन १८९३ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश होऊन मुंबईस गेले. परिषदेचा सारा भार एका थोर पुरुषाच्या खांद्यावर असला म्हणजे तिचे आयुष्य त्याच्या बदलीच्या हुकुमावर अवलंबून राहते.

हे व्यंग पुढील पिढीने ओळखले. सन १९०५ मध्ये काशीस काँग्रेसच्या वेळी रमेशचंद्र दत्त ह्यांच्या अध्यक्षतेखाली पहिली अखिल हिंदी औद्योगिक परिषद भरली आणि तिचे चिटणीसपण अमरावतीचे वकील रावबहादुर रघुनाथ नरसिंह मुधोळकर ह्यांच्याकडे आले. अध्यक्ष दर वर्षी नवा व गावही दर वर्षी नवे, परंतु कचेरी एकच, ती अमरावतीस, अशी ही घडण होती. देशभरच्या जाणत्यांकडून निबंध मागवावयाचे, अधिवेशन संपले की भाषणे, निबंध व ठराव ह्यांचा जाडजूड अहवाल छापावयाचा, देशी माल व कारखाने ह्यांची सूची तयार करावयाची, असे हे नीरस पण नेटाचे काम होते. पुष्पहार अध्यक्षांच्या गळ्यात पडतात व पत्त्यांची यादी चिटणिसाच्या टेबलावर राहते. मुधोळकरांनी ती यादी सांभाळली, म्हणूनच आज त्या काळच्या धंद्यांची माहिती शोधणारास त्या अहवालांकडे वळावे लागते.

सन १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेस मोडली, हे सर्वश्रुत आहे. अमरावतीचे दोन नामांकित वकील त्या वेळी दोन बाजूंस होते. दादासाहेब खापर्डे टिळकांच्या पक्षाचे, तर मुधोळकर नेमस्त. तरीही औद्योगिक परिषदेचे अधिवेशन त्याच सुरतेस पार पडले. राजकारणाच्या मंडपात खुर्च्या उडाल्यावरही हातमाग व शाळा ह्यांवरील निबंध वाचले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि ह्या परिषदेचे दोष झाकण्यात अर्थ नाही. ती काँग्रेसच्याच आठवड्यात भरे. त्यामुळे श्रोते आयते मिळत, पण त्यांचे चित्त दुसऱ्या मंडपात असे. दुसरा दोष अधिक खोल होता. कामकाज इंग्रजीत चाले. धावत्या धोट्याच्या मागाने विणकऱ्याचा रोजचा गज किती वाढेल, ह्याची चर्चा वकील, गिरणीमालक व अधिकारी करीत. ज्याच्या घरी खड्डामाग होता, तो कोष्टी तेथे नव्हता. नवा माग घ्यावयास पैसा कोण देणार, वाढलेले कापड कोणता सावकार घेणार, मागावरच्या कांडीभरणाऱ्या बायकोपोरांचे काय होणार, हे प्रश्न त्याने एका वाक्यात विचारले असते! अनेक विद्वानांच्या निबंधांतून ते अर्धवट डोकावतात, इतकेच.

फळ काय मिळाले? मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांच्या प्रयत्नाने सरकारी उद्योगखाते उभे राहू लागले, तोच सन १९१० मध्ये भारतमंत्री लॉर्ड मोर्ले ह्यांनी सरकारने कारखानदारीत पडू नये असे बजावून त्यास खीळ घातली. परंतु महायुद्धाने सरकारचे डोळे उघडले. सन १९१६ मध्ये सर थॉमस हॉलंड ह्यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक कमिशन नेमले गेले. त्याच्या सभासदांत राजेंद्रनाथ मुखर्जी व सर दोराबजी टाटा होते. हे दोघेही अनुक्रमे १९१० व १९१५ च्या औद्योगिक परिषदांचे अध्यक्ष होत. कमिशनचा अहवाल १९१८ मध्ये आला, पंडित मालवीय ह्यांनी त्यास आपली स्वतंत्र पुरवणी जोडली, आणि १९१९ च्या सुधारणांनी उद्योगखाते प्रांतिक मंत्र्यांच्या हाती गेले. काशीच्या मंडपापासून येथपर्यंत चौदा वर्षे लागली. मुधोळकर १९२१ मध्ये वारले.

आता नदीच्या पूर्वतीराकडे वळावे. सन १९२९ मध्ये चरखासंघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. यंत्र दीडशे रुपयांच्या आत मिळावे, खेड्यातील बाईला न थकता चालविता यावे, आठ तासांत सोळा हजार वार सूत निघावे, वीस वर्षे टिकावे, अशा त्याच्या अटी होत्या. कोणाचेही यंत्र त्या पुऱ्या करू शकले नाही. परंतु यंत्राची योग्यता चालविणाराच्या अंगावरून व खिशावरून ठरवावी, ही कसोटी तेथे आकड्यांत मांडली गेली. सन १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले, जमनालाल बजाज ह्यांनी दिलेल्या बागेत मगनवाडी वसली, आणि तेथे तेलघाणा व हातकागद ह्यांवर प्रत्यक्ष प्रयोग होऊ लागले.

ह्याच वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षणपरिषद भरली. मारवाडी शिक्षणमंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त होते आणि अध्यक्ष गांधीजी. गांधीजींनी आपले म्हणणे महिने आधीच ‘हरिजन’ पत्रातून मांडून ठेविले होते, त्यामुळे येणारा प्रत्येकजण आपले उत्तर घेऊनच आला. मुंबईचे बाळासाहेब खेर व मध्यप्रांताचे पंडित रविशंकर शुक्ल ह्यांच्यासारखे मंत्री समोर बसले होते, म्हणजे ठराव अमलात आणणारे हात तेथेच हजर होते. सर्वांत मोलाची गोष्ट ही की, विरोधी सूर दाबला गेला नाही. शाळेने आपला खर्च मुलांच्या श्रमातून भागवावा ह्या कल्पनेतील धोका डॉ. झाकिर हुसेन ह्यांनी स्पष्ट बोलून दाखविला, आणि शाळेतील मालाची स्पर्धा गरीब कारागिरास मारील, ही शंका प्रा. के. टी. शाह ह्यांनी काढली. परिषदेने केले काय? शंका काढणाऱ्या झाकिर हुसेनांनाच समितीचे अध्यक्ष केले आणि शाहांनाही तीत घेतले! २ डिसेंबरास, म्हणजे चाळीस दिवसांत, अहवाल तयार झाला. त्यात साडेपाच तासांच्या शाळेपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगास दिली होती.

अमरावतीच्या परिषदेहून ही परिषद आटोपशीर खरी. तिचे विषयही मर्यादित, बोलणे हिंदुस्थानीत, आणि शेवट समितीत. परंतु कातणारी बाई व विणणारा कोष्टी ह्याही सभेत बोलावयास उभे राहिले नाहीत. त्यांच्या वतीने शाहांची एक शंका तेवढी उठली. पुढे मध्यप्रांतात शुक्लांची विद्यामंदिर योजना निघाली. तिच्या नावावरूनच मुसलमान समाजात नाराजी पसरली. शहरातील पालकांनी टकळीची शाळा खेड्यातील मुलांपुरती मानली व आपली मुले इंग्रजी शाळेतच ठेविली. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तेव्हा परिषदेत समोर बसलेले मंत्री अधिकारावरून गेले. सेवाग्रामात हिंदुस्थानी तालीमी संघाची कचेरी मात्र उघडी राहिली, आणि आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य पुढे कित्येक वर्षे तिचे काम पाहत होते.