पान बदलणारा हात

पत्त्यांच्या खेळात हातातील पान लोकांच्या डोळ्यांदेखत बदलून त्या जागी दुसरे कसे आणतात, याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. मजुरीच्या दरांविषयी बोलणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कित्येक श्रोत्यांस वाटेल. त्यास उत्तर एवढेच की, या विद्येची ओळख आम्हांस मजुरीपायीच झाली.

भिवंडीत कामतघरच्या बाजूस यंत्रमागांची वस्ती दाट आहे. आम्ही संघटनेच्या कामास लागलो, त्या दिवसांत पगाराच्या संध्याकाळी तेथे एक मनुष्य खोके उपडे टाकून बसे. त्याच्यापुढे तीनच पाने. दोन काळी व एक लाल राणी. राणी कोणती ते ओळखा आणि दुप्पट घ्या, असा पुकारा चाले. गर्दीतला एकजण जिंकून दाखवी. तो अर्थातच त्याचा साथीदार. मग एखादा विणकर पुढे होई. एका गृहस्थाने पंधरा दिवसांची मजुरी चहा पिण्याइतक्या वेळात घालविलेली आम्ही स्वतः पाहिली. पैसे गेल्याचे दुःख त्याला होतेच, पण “मी डोळ्यांनी पाहिले होते हो!” हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जुगारबंदीचा कायदा मुंबई इलाख्यात 1887 सालीच झाला होता. परंतु कायद्याचा माणूस येईतो खोके तेवढे जागेवर उरे.

तेव्हा आम्ही या विषयावर मिळतील ती पुस्तके, कोश जवळ घेऊन, वाचावयास लागलो.

पत्ते आपणांस नवे नाहीत. बाबराने 1527 साली सिंधकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीची 120 पानांची दशावतारी गंजिफा तर आपल्या घरचीच. परंतु हातचलाखी उघड करून सांगणारे जुने लेखन आम्हांस सापडले ते इंग्लंडातले. 1584 साली रेजिनाल्ड स्कॉट याने चेटूकविद्येवर एक मोठा ग्रंथ छापला. त्या काळी चेटकाच्या संशयावरून गरीब म्हाताऱ्या बायांना फासावर चढवीत. ज्याला लोक चेटूक म्हणतात त्यात पुष्कळदा निव्वळ हाताचे कसब असते, हे दाखविण्यासाठी त्याने नाणी, चेंडू व पत्ते यांचे खेळ उलगडून सांगितले. तेथे तो जॉन कॉटारेस नावाच्या एका फ्रेंच माणसाचा आदराने उल्लेख करतो. हा मनुष्य खेळावर पोट भरीत नसे; घाम गाळून मजुरी करी. आणि तरीही त्याच्याइतका तरबेज हात आज दुसऱ्या कोणाचा नसेल, असे स्कॉट लिहितो. हे वाचून आम्हांस किती आनंद झाला असेल, हे सांगावयास नकोच.

पुढे फ्रान्समध्ये रॉबेर-उदँ हा घड्याळजी जादूगार झाला. त्याने 1861 साली पत्त्यांतील ठगांची बिंगे फोडणारे पुस्तक लिहिले, व 1868 साली जादूच्या कलेचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. मात्र हाच मनुष्य 1856 साली आपल्या सरकारच्या सांगण्यावरून अल्जीरियातील अरबांवर छाप पाडावयास गेला होता, हेही विसरू नये. विद्या एकच, ती कोणाच्या पदरी आहे हे पाहावे लागते. 1902 साली शिकागोत अर्डनेस या टोपणनावाने एक ग्रंथ निघाला. त्याच्या एका भागात जुगाऱ्यांच्या युक्त्या आहेत व दुसऱ्यात करमणुकीच्या. कॅनडात जन्मलेल्या डाय व्हर्नन याने लहानपणापासून याच ग्रंथाचा अभ्यास केला. 1992 साली तो वारला, तोवर हालचाल स्वाभाविक दिसली पाहिजे हेच तो शिकवीत राहिला.

स्वाभाविक म्हणजे काय, ते पाहा. डाव्या हातात जोड आहे, उजव्यात एकच पान. बोलता बोलता दोन्ही हात एका बाजूस वळतात. डावा अंगठा वरचे पान किंचित पुढे सरकवितो. उजवा हात आपले पान जोडावर ठेवतो व सरकलेले पान दोन बोटांत धरून निघून येतो. वेगाचे येथे फारसे काम नाही. मोठी हालचाल लहान हालचालीला झाकते, आणि कोणाला तरी प्रश्न विचारला की त्या क्षणी नजरा हातांवरून उठतात. खोक्यावरचा खेळही याच जातीचा. एका हातात दोन पाने एकावर एक असतात. खालचे आधी पडणार असे आपण धरून चालतो, आणि तो वरचे टाकतो.

तुटलेल्या ताण्याची गाठ मारणाऱ्या बोटांना हे जमावे, असे आम्हांस वाटले. तरी कित्येक महिने गेले. पहिल्या सभेत दोन्ही पाने हातून जमिनीवर पडली व मंडळी पोट धरून हसली. दुसऱ्या सभेत मात्र जमले, आणि हसू थांबले.

पण खरा धडा त्यानंतरचा. सभेत युक्ती पाहिलेला एक तरुण पुढच्याच पगाराला खोक्यापाशी गेला, आता मला ठाऊक आहे म्हणून उलट्या पानावर पैसे लावले, आणि हरला. कारण तो ठग दर वेळी पान बदलीत नसेच. कधी सरळ टाकी, कधी बदलून. दोन्ही हालचाली दिसावयास एकच, आणि यातच त्या कसबाची परिपूर्णता आहे. आमचीच चूक झाली होती. युक्ती सांगितली, पण ती कळल्याने जिंकता येत नाही हे सांगितले नाही. तेव्हापासून आम्ही तीच तीन पाने दहादा टाकून दाखवितो आणि कामगारांनाच ओळखावयास सांगतो. दहा डाव झाल्यावर उपदेशाची गरज उरत नाही. खोके पुढे तेथून हलले. त्याचे सगळे श्रेय आम्ही घेत नाही.

या अभ्यासाचा उपयोग आम्हांस दराच्या वाटाघाटींतही झाला. दर वाढविल्याचा गाजावाजा मोठा होतो, आणि कापड मोजण्याची रीत त्याच कागदात हळूच बदललेली असते. अशा वेळी मोठ्या हाताकडे न पाहता लहान बोटाकडे पाहावे, हे आम्ही पत्त्यांपासून शिकलो. स्कॉटने आपल्या काळी जे केले ते याहून वेगळे नव्हते. कसबाला त्याने मान दिला आणि फसवणुकीचे सोंग उघडे केले. ज्याला हे कसब साधले असेल त्याने कॉटारेसप्रमाणे आपल्या घामाचे खावे, आणि चार लोकांस हात उघडून दाखवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.