वारा, घाम आणि चामडे

दुचाकीस्वाराचे संरक्षक कपडे ज्या मुलुखांत जन्मले, तिथे उन्हाची धास्ती कुणालाच नव्हती. १९२४ साली इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायरमधल्या लाँगटन इथे, एली बेलोविच आणि हॅरी ग्रॉसबर्ग यांनी बेलस्टाफ ही कंपनी काढली. तिचा माल म्हणजे मेण चढवलेले सुती कापड. पाऊस आत येऊ न देणारे, वारा अडवणारे. १९३६ मध्ये बार्बर या इंग्रजी कंपनीने त्याच जातीच्या कापडाचा ‘इंटरनॅशनल’ हा मोटारसायकलचा सूट आणला. अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कमध्ये अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ सालीच चामड्याचे, तिरप्या झिपचे ‘परफेक्टो’ जाकीट साडेपाच डॉलरला विकायला काढले होते. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडोने तसेच जाकीट घातले आणि मोटारसायकल म्हटले की काळे चामडे, हे समीकरण जगभर रूढ झाले.

शर्यतीच्या मैदानातही विचार वाऱ्याचाच होता. सेंट हेलेन्सचा जेफ ड्यूक १९५० च्या सुमारास शर्यतींत उतरला तो अंगासरशी बसणारा, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध चामडी सूट घालून. फ्रँक बार्कर या शिंप्याकडून त्याने तो मुद्दाम शिवून घेतला होता. फडफडणारे कापड वेग खाते, म्हणून ही युक्ती. आज कुठल्याही शर्यतीत दिसणारा चामडी सूट ड्यूकच्या त्या सूटचाच वंशज आहे.

सूट, जाकीट, मेणकापड या सगळ्यांमागे थंड प्रदेशातला माणूस होता. त्याला ऊब हवी होती, कोरडेपणा हवा होता. पडल्यावर कातडी वाचते हा त्यातून मिळालेला मोठा फायदा. उष्ण प्रदेशातल्या स्वाराला हे कपडे जसेच्या तसे मिळाले आणि ते अंगावर चढवून चाळीस अंशांत बसायचे कसे, हा प्रश्न त्याचा त्याच्यावर सोडला गेला. या प्रश्नाला उत्तर मिळायला जवळजवळ शतक लागले.

उन्हाविषयी युरोपीय लोकांच्या समजुती तोवर फारशा उपयोगाच्या नव्हत्या. हिंदुस्थानातले गोरे शिपाई आणि अंमलदार डोक्यावर सोला हॅट घालत, इतकेच नव्हे तर काहीजण पाठीच्या कण्यावर फ्लॅनेलची जाड पट्टीही बांधत. सूर्यकिरण मेंदूला आणि मज्जारज्जूला थेट इजा करतात, अशी त्या काळच्या डॉक्टरांचीही ठाम समजूत होती. म्हणजे उष्माघात टाळण्यासाठी माणूस भर उन्हाळ्यात अंगावर आणखी एक जाड थर चढवत होता. घाम कुठून बाहेर पडतो आणि कुठे सुकतो, याकडे त्यांचे लक्ष नव्हते.

इथल्या लोकांचे मात्र त्याकडे फार पूर्वीपासून लक्ष होते. वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडायचे आणि गरम वाऱ्यालाच गारवा आणायला लावायचे, ही पद्धत उत्तर हिंदुस्थानात मोगल काळात चांगली रुळलेली होती. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, थंड खोल्यांचे श्रेय अकबराला दिले आहे. विदर्भात घरोघरी खिडकीला टेकवलेले कूलर आजही त्याच तत्त्वावर चालतात. आणि मोटारसायकलवरच्या उन्हाचे कोडे शेवटी सुटले तेही याच तत्त्वाने.

चालत्या गाडीवर वारा तर भरपूर असतो, मग उकडते कशाने? माणसाची त्वचा उन्हाळ्यात साधारण ३५ अंश सेल्सिअसला असते. हवा त्याहून थंड असेल तोवर अंगावरून जाणारा वारा उष्णता घेऊन जातो. जितका वारा जास्त, तितका गारवा जास्त. हवा ३५ च्या वर गेली की हिशेब उलटतो. आता प्रत्येक झोत शरीराला उष्णता देऊन जातो, आणि गाडीचा वेग वाढवला की ती आणखी भराभर मिळते. शरीराकडे उरतो एकच मार्ग, घाम सुकवण्याचा. एक लिटर घाम पूर्ण सुकला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण तो सुकायला हवा त्वचेवर, आणि बेताने. ४३ अंशांच्या झळांत, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्याचा घाम इतक्या झपाट्याने उडतो की आपल्याला घाम येतोय हेच त्याला कळत नाही. शर्टावर मिठाचे पांढरे डाग तेवढे उमटतात. मोकळे अंग म्हणजे थंड अंग, हा समज अशा हवेत धोक्याचा आहे.

वाळवंटातली माणसे अंग झाकून का राहतात, याचे उत्तर १९८० साली ‘नेचर’ नियतकालिकात आले. अमिराम श्कोल्निक, सी. रिचर्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेगेव्ह वाळवंटात एका माणसाला भर दुपारी उभे केले, कधी बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यात, कधी तशाच पांढऱ्या झग्यात, कधी लष्करी गणवेशात, तर कधी नुसत्या आखूड चड्डीवर. काळा झगा ऊन जास्त शोषतो, हे मोजमापात दिसलेच. पण त्या माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचलेली उष्णता काळ्या आणि पांढऱ्या झग्यात सारखीच भरली. कापड आणि कातडी यांच्यामध्ये खेळणारी हवा जादाची उष्णता वाटेतच घेऊन जात होती. रंगापेक्षा ढगळपणाचे महत्त्व मोठे, हे त्यातून सिद्ध झाले.

मोटारसायकलच्या जगात हे ज्ञान अनुभवातून पोहोचले. अमेरिकेत १९८४ पासून ‘आयर्न बट रॅली’ भरते. ११ दिवसांत सुमारे ११,००० मैल, तेही उन्हाळ्यात, नेवाडा आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटांसकट. इथल्या जुन्या स्वारांनी आपापसात एक नियम घालून घेतला. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की जाकिटाच्या खिडक्या उघडायच्या नाहीत, उलट बहुतेक बंद करायच्या. आतला सुती किंवा घाम शोषणारा सदरा पाण्याने भिजवायचा, गळ्याशी आणि मनगटाशी थोडीच हवा आत येऊ द्यायची. मग तो ओला सदरा सावकाश, तासभर सुकत राहतो आणि अंग गार ठेवतो. जाकीट इथे वाळ्याच्या ताटीसारखे काम करते. नवशिक्याला हा सल्ला विचित्र वाटतो, पण त्यामागचे भौतिकशास्त्र पक्के आहे.

पिण्याच्या पाण्याची सोयही अशाच एका उन्हातून निघाली. १९८९ मध्ये टेक्सासच्या विचिटा फॉल्समधल्या ‘हॉटर एन हेल हंड्रेड’ या सायकल शर्यतीत रुग्णवाहिका सेवेत काम करणाऱ्या मायकेल आयडसनने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, ती एका लांब मोज्यात घालून पाठीला अडकवली आणि नळी खांद्यावरून तोंडाशी आणली. त्यातूनच ‘कॅमलबॅक’ ही कंपनी उभी राहिली. आज लडाखच्या वाटेवरचा किंवा डकार रॅलीतला स्वार पाठीवरच्या नळीने गाडी न थांबवता पाणी पितो, त्याची सुरुवात त्या मोज्यात आहे.

बंद पोशाखात माणूस किती लवकर शिजतो, याचा सर्वांत नाट्यमय पुरावा मात्र रस्त्यावर मिळालेला नाही. जून १९६६ मध्ये जेमिनी ९ए यानातून बाहेर पडलेला अंतराळवीर यूजीन सर्नन दोन तासांहून अधिक वेळ बाहेर झगडत होता. त्याच्या पोशाखात हवा खेळवून थंडावा देण्याची सोय होती. ती त्या श्रमाला पुरी पडली नाही. त्याच्या शिरस्त्राणाची काच आतून वाफेने धुरकटली, त्याला दिसेनासे झाले आणि मोहिमेतले काम अर्धवट सोडून आत यावे लागले. बंद कपड्यात नुसत्या हवेचा भरवसा नाही, हा त्याचा धडा. पुढे अपोलोच्या वीरांना बारीक नळ्यांतून पाणी फिरवणारे अंतर्वस्त्र मिळाले. पंपावर चालणारी, बर्फाचे पाणी फिरवणारी बंडी आज मोटारसायकलस्वारांसाठीही विकत मिळते. तत्त्व तेच.

तरीही जाकिटाला भोके पाडायची तर कुठे, हा प्रश्न उरलाच होता. संरक्षण आणि हवा ही एकमेकांची वैरी, असेच सगळे धरून चालले होते. ही कोंडी फोडण्याचे मोठे श्रेय केंब्रिज विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ रॉडरिक वुड्स यांना द्यायला हवे, आणि ते त्यांना पुरेसे दिले जात नाही. त्यांनी अपघातात सापडलेल्या स्वारांचे फाटलेले, घासलेले कपडे तपासले आणि रस्ता अंगाला नेमका कुठे लागतो, याचा नकाशा काढला. खांदे, कोपरे, गुडघे आणि कंबरेचा बाजूचा भाग पहिल्यांदा आणि जोराने आपटतात. पोट, दंडाची आतली बाजू, मांडीची आतली बाजू यांना क्वचितच डांबर लागते. शरीराचे त्यांनी चार विभाग पाडले. ६० ग्रिटचा खरखरीत पट्टा सेकंदाला ८ मीटर वेगाने फिरवायचा आणि त्यावर कापडाचा तुकडा टाकून तो किती वेळात भोक पडेपर्यंत झिजतो ते पाहायचे, अशी चाचणीही त्यांनी बसवली. २००२ च्या ‘ईएन १३५९५’ या युरोपीय मानकात हा नकाशा आला. त्याच्या पहिल्या पातळीत आपटणाऱ्या विभागांना ४ सेकंद टिकावे लागे, तर सर्वांत कमी धोक्याच्या विभागाला फक्त १ सेकंद.

उन्हाळी कपड्यांचा सगळा आधुनिक विचार या दोन आकड्यांच्या फरकात सामावलेला आहे. जिथे १ सेकंद पुरतो तिथे जाळी लावता येते. जिथे ४ हवेत तिथे मजबूत कापड किंवा चामडे. तोवर अमेरिकेत डलूथ गावी अँडी गोल्डफाइन यांनी १९८३ पासून कॉर्ड्युरा नायलॉनचा ‘रोडक्राफ्टर’ सूट विकून चामड्याची मक्तेदारी मोडायला सुरुवात केली होती. त्याला बगलेत आणि पाठीवर उघडझाप करता येणाऱ्या झिपा आहेत. २००० च्या आसपास तर संपूर्ण जाळीची जाकिटे बाजारात आली आणि उष्ण प्रदेशांत हातोहात खपली. त्यांतल्या अनेकांत वुड्स यांचा नकाशा पाळलेला नसतो, खांद्या-कोपरांवरही जाळीच असते. असे जाकीट गार असते खरे, पण घासले गेले की कृत्रिम धागा घर्षणाच्या उष्णतेने वितळतो. दुकानात बोटे फिरवून हे कळत नाही.

ते कळावे, ही जबाबदारी शेवटी एका उष्ण देशाने उचलली. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम यांनी कॅनबेराच्या परिसरात अपघात झालेल्या २१२ स्वारांचा अभ्यास केला. संरक्षक कपडे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी येत होती, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले. पण दुसरा निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता: अपघातात रस्त्याला लागलेल्या जाकिटांपैकी जवळजवळ तीन दशांश फाटली किंवा झिजून आरपार गेली. पुढे ऑस्ट्रेलियन उन्हाळ्यासारख्या हवेत स्वारांना बसवून या कपड्यांचा हृदयावर आणि शरीराच्या तापमानावर होणारा परिणामही मोजला गेला. उकाड्याने थकलेला स्वार चुका करतो, म्हणजे उकाडा हा स्वतःच सुरक्षेचा प्रश्न आहे, हा विचार इथे ठामपणे मांडला गेला.

त्यातून २०१८ मध्ये ‘मोटोकॅप’ उभे राहिले, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या सरकारी संस्थांच्या पैशाने. दुकानातून ओळख न देता कपडे विकत घ्यायचे, फाडून, घासून तपासायचे आणि निकाल सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. संरक्षणाला वेगळे तारे, हवेशीरपणाला वेगळे. कापडातून घामाची वाफ किती सहज बाहेर पडते हे मोजण्याची रीत अ‍ॅलन वुडकॉक यांनी १९६२ मध्ये अमेरिकी सैन्याच्या कपड्यांसाठी घालून दिली होती. ती इथे सामान्य ग्राहकाच्या कामी आली. एकाच कपड्याला दोन्ही रकान्यांत भरपूर तारे मिळणे विरळाच, पण आता निदान दोन्ही रकाने आहेत.

महाराष्ट्रात हे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इथे ऊन दोन जातींचे आहे. मुंबई-रत्नागिरीकडे मे महिन्यात पारा बहुधा ३३-३४ वर थांबतो, म्हणजे त्वचेच्या किंचित खालीच, पण हवा दमट. तिथे भिजवलेला सदरा सुकत नाही, अंगाला चिकटून बसतो. जाळीतून येणारा भरपूर वारा हाच इलाज. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या पलीकडे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. तिथे जाळीतून झळा आत शिरतात, म्हणून जाकीट जवळजवळ बंद ठेवून आत ओला सदरा. रायनॉक्स किंवा क्रॅमस्टर यांसारख्या देशी कंपन्या आता इथल्या हवेसाठी कपडे शिवतात. गिऱ्हाइकाने जाकीट निवडताना आपण समुद्राकडे राहतो की विदर्भात, हा पहिला प्रश्न विचारावा.

कायद्याची सक्ती मात्र हेल्मेटपुरतीच. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात ती कडक झाली तेव्हा विरोधाच्या कारणांत उकाडा होताच. त्याची टिंगल करणे सोपे आहे, पण तक्रार खरी आहे. हेल्मेटच्या आतला धक्का शोषणारा थर असतो थर्माकोलच्याच जातीचा, आणि थर्माकोल उष्णता कोंडतो. ही गोष्ट सरकारदरबारीही मान्य झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या सूचनेवरून नेमलेल्या तज्ज्ञांनी देशाच्या हवामानाला मानवतील अशा हलक्या हेल्मेटांची शिफारस मार्च २०१८ मध्ये केली, आणि १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) शिक्का नसलेले हेल्मेट विकणे बेकायदा ठरले.

दरम्यान, कुठल्याही मानकाची वाट न पाहता इथल्या बायकांनी आपला उन्हाळी पोशाख केव्हाच तयार केला आहे. पुण्यापासून नागपूरपर्यंत स्कूटरवरून जाणाऱ्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, कोपरापर्यंत हातमोजे आणि अंगावर सुती, ढगळ, पूर्ण बाह्यांचा सनकोट घालतात. बेदुइनांच्या झग्याचे सगळे गुण त्यात आहेत: सैलपणा, सावली, आत खेळती हवा. उणीव एकच, डांबरावर तो क्षणात फाटतो. वुड्स यांच्या नकाशाप्रमाणे त्याच्या खांद्यांना, कोपरांना आणि कंबरेच्या बाजूंना मजबूत कापडाचे जोड आणि आत पॅड बसवले, बाकीचे सूत तसेच ठेवले, तर मराठवाड्या-विदर्भातल्या कुठल्याही शिंप्याला ते शिवता येईल.