परदेशाच्या दाराशीं

परदेशीं जावयास निघालेल्या प्रवाशाजवळ सामान्यतः दोन अनुज्ञा असाव्या लागतात. एक स्वतःच्या सरकारनें दिलेलें पारपत्र, म्हणजे पासपोर्ट. आणि दुसरी, ज्या देशांत जावयाचें त्या देशाचा प्रवेश-परवाना, म्हणजे व्हिसा. पुष्कळांस हे दोन कागद एकाच जातीचे वाटतात. वस्तुतः त्यांचा धर्म अगदीं निराळा आहे. हा मनुष्य आमचा आहे, असें पासपोर्ट सांगतो. हा मनुष्य आमच्याकडे आला तर आमची हरकत नाहीं, असें व्हिसा सांगतो. पहिला कागद घरच्यांचा, दुसरा यजमानाचा. ‘व्हिसा’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही ‘पाहिलेला’ एवढाच. तुमचा कागद आमच्या नजरेखालून गेला, इतकीच ती खूण. परंतु या दोहोंपैकीं एक जरी नसला तरी केवढाही मोठा मनुष्य दाराशींच थांबतो, ही गोष्ट इतिहासानें अनेकदां दाखविली आहे.

परवान्याची कल्पना आपल्या देशास नवी नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘मुद्राध्यक्ष’ नांवाचा एक अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन त्यानें प्रवाशास मुद्रा द्यावी, आणि ज्याच्याजवळ मुद्रा असेल त्यानेंच जनपदांत यावें किंवा तेथून बाहेर जावें, असा नियम. मुद्रेवांचून फिरणाऱ्या देशवासीयास बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगल्यास त्याहून मोठा. आणि तोच अपराध परक्यानें केल्यास सर्वांत मोठा. जाण्याची आणि येण्याची अनुज्ञा येथें एकाच कचेरींतून मिळत असे. देशी व परका यांच्यांतील भेद मात्र त्या काळींही स्पष्ट होता.

समुद्रावर या व्यवस्थेनें निराळें रूप घेतलें. सोळाव्या शतकाच्या प्रारंभीं पोर्तुगीज अरबी समुद्रांत आले आणि या समुद्राचे धनी आपणच, असें त्यांनीं ठरवून टाकलें. प्रत्येक व्यापारी जहाजानें त्यांचा ‘कार्ताज’ नांवाचा परवाना घ्यावा, त्यांत तांडेलाचें नांव, जहाजाचा आकार, जवळचीं शस्त्रें आणि जाण्याचें बंदर नमूद करावें, व त्यांच्या ठाण्यावर जकात भरावी, असा त्यांचा दंडक होता. परवाना नसलेलें जहाज ते लुटीचें धन समजत. दिल्लीच्या बादशाहीसही यांतून सुटका नव्हती. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ सालीं मक्केच्या यात्रेस निघाली. पण या परवान्याच्या घोळापायीं तिला सुरतेस दीर्घकाळ खोळंबून राहावें लागलें. जमिनीवर ज्याच्या शब्दास मोल होतें, त्याच्या घरच्या माणसांना समुद्रावर परक्याच्या कागदाची वाट पाहावी लागली.

पुढें कोंकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांनीं हेंच शस्त्र उलट फिरविलें. मराठ्यांच्या समुद्रांतून जाणाऱ्या जहाजानें मराठ्यांचें दस्तक घेतलें पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. मुंबईच्या इंग्रजांस ती मानवली नाहीं. त्यांनीं कान्होजींस चांचा म्हटलें. परंतु परवाना देण्याचा हक्क पोर्तुगीजांचा तर तो आंग्र्यांचा कां नाहीं, या प्रश्नास त्यांच्यापाशीं तोफांवांचून दुसरें उत्तर नव्हतें. ज्याच्या हातीं दार, त्याच्याच हातीं परवाना, हा त्या काळचा न्याय.

एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली आणि युरोपांतील हीं दारें बरीचशीं उघडलीं. रशिया व तुर्कस्तान सोडल्यास त्या खंडांतील बहुतेक देशांत १९१४ पूर्वीं पासपोर्टावांचून फिरतां येई. परंतु हा मोकळेपणा सर्वांच्या वांट्यास आला नव्हता. त्याच १९१४ सालच्या मे महिन्यांत कोमागाटा मारू नांवाची जपानी आगबोट ३७६ हिंदी उतारू घेऊन कॅनडांतील व्हँकुव्हर बंदरास लागली. उतारूंत बहुतेक पंजाबी शीख होते, आणि ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते. पण मायदेशाहून मध्यें कोठेंही बोट न बदलतां येणाऱ्यासच प्रवेश मिळेल, आणि त्याच्या खिशांत दोनशें डॉलर असले पाहिजेत, असा कॅनडाचा नियम होता. हिंदुस्थानाहून तेथें थेट जाणारी बोटच नव्हती! थेट प्रवासाच्या नियमांत कोणत्याही जातीचें नांव नव्हतें. तरी तो कोणासाठीं केला होता, हें सर्वांस कळत होतें. दोन महिने बोट बंदरांत उभी राहिली; थोडक्या जणांस उतरूं दिलें आणि बाकीच्यांस परत धाडलें. सप्टेंबरांत कलकत्त्याजवळ बजबज येथें गोळीबार झाला आणि परतलेल्यांपैकीं कित्येक जण मायभूमीवरच मारले गेले. या प्रकाराबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनीं २०१६ सालीं पार्लमेंटांत माफी मागितली.

त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. हेरांच्या भीतीनें प्रत्येक राष्ट्रानें सरहद्दीवर चौकी बसविली; पासपोर्टावर छायाचित्र आलें. यजमान दार बंद करतो, हें व्हँकुव्हरला दिसलें होतें. घरचा धनीही तें बंद करूं शकतो, हें १९१८ सालीं महाराष्ट्रानें अनुभवलें. स्वराज्याची मागणी विलायतेंत मांडण्यासाठीं लोकमान्य टिळक, खापर्डे, केळकर, करंदीकर आणि बिपिनचंद्र पाल निघाले. पासपोर्ट हातांत होते. मंडळी कोलंबोपर्यंत पोहोंचली. तेथें विलायत सरकारनें ते पासपोर्ट रद्द केल्याचें कळलें आणि सर्वांस माघारें यावें लागलें. कांहीं महिन्यांनीं चिरोल खटल्यासाठीं टिळकांस जाऊं दिलें, तें राजकीय चळवळ करणार नाहीं या अटीवर. लाला लजपतराय तर १९१४ सालीं परदेशीं गेलेले. त्यांस १९२० पर्यंत स्वदेशीं परततां आलें नाहीं.

युद्ध संपलें, तरी चौक्या उठल्या नाहींत. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिसला परिषद भरली. तिनें बत्तीस पानांच्या एकसारख्या पुस्तिकेचा नमुना ठरविला. ज्यांस राष्ट्रच उरलें नाहीं अशा रशियन निर्वासितांसाठीं नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांनीं १९२२ सालीं एक दाखला सुरू केला, आणि पुढें पन्नासांहून अधिक सरकारांनीं तो मान्य केला. कागदानें माणसास अडविलें होतें. येथें कागदानेंच त्यास आधार दिला.

स्वतंत्र भारतांत हा प्रश्न न्यायालयापुढें आला. सतवंतसिंह सोहनी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं निर्णय दिला कीं परदेशीं जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. सरकारच्या मर्जीवर तो अवलंबून ठेवतां येणार नाहीं. त्याच वर्षीं पासपोर्टाचा कायदा झाला. १९७८ सालीं मनेका गांधींच्या खटल्यांत न्यायालय आणखी पुढें गेलें: पासपोर्ट काढून घेण्याची रीत नुसती कायद्यांत असून भागत नाहीं, ती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. कोलंबोच्या धक्क्यावर जें उत्तर मिळालें नव्हतें, तें साठ वर्षांनीं असें मिळालें.

तरीही हें उत्तर अर्ध्याच प्रश्नाचें आहे. आपलें न्यायालय आपल्या सरकारास बांधूं शकतें. परक्या देशाच्या दारावर त्याचा अंमल चालत नाहीं. नेपाळसारखा शेजारी भारतीयास व्हिसावांचून येऊं देतो. कांहीं देश संगणकावर आगाऊ अनुज्ञा देतात. कांहीं मात्र पैशाचे, नोकरीचे आणि परतीच्या तिकिटाचे पुरावे मागतात. व्हिसा मिळाला तरी शेवटचा शब्द बंदरावरच्या किंवा विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो. म्हणूनच शहाणा प्रवासी दोन्हीं कागद वेगवेगळे वाचतो: पासपोर्टाची मुदत किती उरली, व्हिसा कोणत्या कामासाठीं व किती दिवसांचा, आणि वाटेंत जेथें उतरावयाचें त्या देशाचाही कांहीं नियम आहे काय. या बारीक अक्षरांमागें बजबजचें रक्त आहे आणि कोलंबोहून परतलेल्यांची निराशाही आहे. घर सोडण्याचा हक्क माणसानें झगडून मिळविला. दुसऱ्याच्या घरांत जाणें मात्र अद्याप यजमानाच्या मर्जीवरच आहे.