इंत्रूज

पणजीत कार्निव्हालची मिरवणूक सुरू झाली १९६५ साली. पोर्तुगीज जाऊन चार वर्षंही झाली नव्हती. कल्पना तिमोतिओ फर्नांडिस यांची. मोमो राजाही तेच झाले.

आमच्या गावाला हा सण नवा नव्हता. आम्ही त्याला इंत्रूज म्हणायचो. ख्रिस्तावांचे चाळीस दिवसांचे उपास लागण्याआधीचे चार दिवस, शनिवार ते मंगळवार. बुधवारी कपाळाला राख लागली की मौज संपली.

आम्ही हिंदू, पण शेजारच्या मेस्तबाबाच्या अंगणात खेळ उभा राहिला की पुढं आम्हीच पोरं. पुरुष बायकांचे वेष घ्यायचे, ढोल वाजायचा, आणि गावच्या भाटकाराची सगळ्यांदेखत टिंगल व्हायची. मेस्तबाबाचं घर त्याच भाटकाराच्या जमिनीवर. एरवी त्याच्यापुढं मान वर न करणारे त्या दिवशी पोट धरून हसायचे. भाटकारही हसायचा, न हसून सांगतो कोणाला!

पुढं एका वर्षी मेस्तबाब आपले गडी घेऊन पणजीला निघाला. आईनं विचारलं, ‘‘मेस्तबाब, यंदा अंगणात कोण?’’

‘‘वैनी, पणजेत राजा येतलो!’’

आम्हीही बेतीच्या धक्क्यावरून होडीनं गेलो. बाबांच्या खांद्यावर बसून मी चित्ररथ पाहिले. एका ट्रकवर मेस्तबाब दिसला. त्याचे ओठ हलत होते, पण बँडच्या आवाजात एक शब्द ऐकू आला नाही.

रात्री परतलो. अंगणात सामसूम होती. भाटकार आपल्या बाल्कांवात निवांत बसला होता.