गुप्ता, अरविंद
(जन्म १९५३). टाकाऊ वस्तूंतून विज्ञान खेळणी घडवणारे भारतीय शिक्षणकर्मी. जन्म बरेली येथे. आयआयटी कानपूरमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी. पुण्यात टेल्को या वाहननिर्मिती कंपनीत नोकरी करत असताना १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. गावच्या बाजारात मिळेल त्यातूनच प्रयोग उभे करायचे, हा तिथला कित्ता त्यांनी पुढे कायम गिरवला. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारके तुकडे आणि आगकाड्या एवढ्यावर त्यांनी मुलांना भूमिती हाताळायला दिली. काड्यांचा चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलाला त्रिकोणी आधार का देतात, हे तिथेच उमगते.

त्यांची विद्युत मोटर मात्र सर्वांत सुंदर. टॉर्चच्या सेलच्या दोन्ही टोकांना सायकल ट्यूबच्या पट्टीने सेफ्टी पिना बसवायच्या, सेलवर चुंबक ठेवायचे आणि इनॅमल तारेचे वेटोळे पिनांच्या छिद्रांत अडकवायचे. तारेच्या टोकांवरचे इनॅमल एक बाजू राखून खरवडतात. त्यामुळे दर फेरीत काही काळ प्रवाह तुटतो, वेटोळे उलटे ओढले जात नाही आणि गरगरत राहते.

दूरदर्शनवर त्यांचे विज्ञानविषयक सव्वाशे लघुपट दाखवले गेले. २००३ ते २०१४ या काळात ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. खेळण्यांच्या कृती आणि पुस्तके त्यांनी सर्वांना मोफत खुली केली. खेळण्यांइतकेच हे कामही मोलाचे आहे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.