हर्नडनहून विल्डरनेसकडे : मार्गदर्शकासह मुक्कामी पदभ्रमण

उत्तर व्हर्जिनियातील हर्नडन गावाच्या मध्यातून जाणारी 'डब्ल्यू अँड ओडी' ही पायवाट मुळात लोहमार्ग होती. वॉशिंग्टनच्या उन्हाळ्याला कंटाळलेल्या प्रवाशांना ती ब्लू रिज पर्वताच्या पायथ्याशी नेत असे. १९६८ मध्ये रेल्वे बंद पडली, रूळ निघाले आणि आज त्या पंचेचाळीस मैलांच्या वाटेवर संध्याकाळी धावणाऱ्यांत व सायकली हाकणाऱ्यांत मराठी बोलणारेही सहज आढळतात. वाट पर्सेलव्हिल येथे संपते. पर्वत तेथून थोडा पुढे सुरू होतो आणि त्याच्या माथ्यावरून जगप्रसिद्ध अ‍ॅपलेशियन ट्रेल जातो. सह्याद्रीत तरुणपण घालवलेल्या अनेकांना येथून पुढे जावेसे वाटते. एका दिवसापुरते नव्हे, तर पाठीवर सॅक घेऊन तीन-चार मुक्कामांसाठी. मात्र सह्याद्रीतील किंवा हिमालयातील अनुभवाच्या बळावर येथील रानात शिरणाऱ्याने आधी एक फरक समजून घ्यावयास हवा.

सह्याद्रीतील ट्रेक हा बहुधा गावापासून गावापर्यंतचा असतो. पायथ्याच्या वाडीत वाटाड्या मिळतो, गडावर देऊळ वा गुहा मिळते, रात्री कोणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी मिळते. हिमालयातील आयोजित ट्रेकमध्ये खेचरे, आचारी आणि आधीच उभारलेले तंबू असतात. अमेरिकेतील 'विल्डरनेस' म्हणजे नुसते दाट रान नव्हे. ती कायद्याने ठरवलेली संज्ञा आहे. ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या विल्डरनेस कायद्यानुसार अशा क्षेत्रात कायमचे रस्ते, मोटारी, यंत्रे, इतकेच नव्हे तर सायकलही चालत नाही. वाटेवर पडलेले झाड तोडायचे तर स्वयंसेवकांना यांत्रिक करवत वापरता येत नाही; दोघांनी दोन टोकांना धरून ओढायची जुनी करवतच लागते. गैरसोय हे येथे व्यवस्थेचे अपयश नसून तिचा हेतू आहे.

याच कायद्याने अशा क्षेत्रात धंदा करण्यासही मनाई केली. अपवाद ठेवला तो पर्यटकांना रानाचा अनुभव घेण्यासाठी आवश्यक असलेल्या सेवांचा. पगारी मार्गदर्शक या अपवादात बसतो. त्यामुळे येथील मार्गदर्शकाचे कामही वेगळे झाले आहे. तो सामान वाहत नाही, सहसा एकटा स्वयंपाक करीत नाही. नकाशा वाचणे, पाणी शुद्ध करणे, तंबूची जागा निवडणे, अन्न अस्वलापासून राखणे हे तो शिकवतो आणि प्रत्येकाकडून करवून घेतो. पॉल पेट्झोल्ट या गिर्यारोहकाने १९६५ मध्ये वायोमिंगमध्ये स्थापन केलेल्या 'नोल्स' या संस्थेने ही शिकवण्याची पद्धत देशभर रूढ केली. मार्गदर्शकाचे खरे मोल मात्र त्याच्या निर्णयात असते. ओढ्याला पाणी चढले असता परत फिरायचे की थांबायचे, हे ठरवणारा माणूस म्हणून त्याला पैसे द्यायचे असतात.

हर्नडनहून सर्वांत जवळचे असे क्षेत्र म्हणजे शेनानडोह राष्ट्रीय उद्यान. त्याचे उत्तरेचे प्रवेशद्वार फ्रंट रॉयल येथे, मोटारीने साधारण तासाभरावर आहे. २६ डिसेंबर १९३५ रोजी स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र सुमारे दोन लाख एकर असून त्यातील ७९,५७९ एकर भूमी १९७६ मध्ये विल्डरनेस म्हणून घोषित झाली. अ‍ॅपलेशियन ट्रेलचे १०१ मैल या उद्यानातून जातात. येथील सर्वोच्च शिखर हॉक्सबिल ४,०५१ फूट, म्हणजे कळसूबाईपेक्षा बरेच ठेंगणे. तथापि दरीत उतरून पुन्हा कड्यावर चढण्याचा क्रम रोज चालू असल्याने पायांना उंचीचा नव्हे तर चढउतारांचा हिशेब द्यावा लागतो. वाटेत मध्येच दगडी गडगे, मोडकी धुराडी, जुनी दफनभूमी दिसते. उद्यानासाठी सुमारे पाचशे कुटुंबे येथून उठवली गेली, त्यांच्या या खुणा. चांदोलीच्या अभयारण्यातून उठलेल्या गावांची कथा ठाऊक असणाऱ्यास त्या ओळखीच्या वाटतील.

खरा एकांत हवा असेल तर पश्चिम व्हर्जिनियातील मोनोंगाहेला राष्ट्रीय वनातील डॉली सॉड्स हे क्षेत्र पाहावे. हर्नडनपासून अंतर साधारण तीन तासांचे. सतरा हजार एकरांहून मोठे हे पठार कॅनडाच्या उत्तरेकडील प्रदेशासारखे दिसते: दलदल, खुरटी झुडपे, वाऱ्याने एका बाजूच्या फांद्या झडलेली स्प्रूसची झाडे. विल्डरनेसच्या हद्दीतील वाटांवर रंगाच्या खुणा नाहीत, पाट्याही मोजक्याच. धुके उतरले की अनुभवी माणूसही चकतो. दुसऱ्या महायुद्धात येथे सैन्याचा तोफखान्याचा सराव चालत असे व न फुटलेले गोळे अजूनही अधूनमधून सापडतात. मार्गदर्शकाशिवाय पहिल्याच खेपेला येथे मुक्काम करणे शहाणपणाचे नाही.

मार्गदर्शक निवडताना पहिला प्रश्न भाड्याचा वा जेवणाचा नसावा, परवान्याचा असावा. राष्ट्रीय उद्यानात पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्याकडे उद्यानाची व्यावसायिक परवानगी, तर राष्ट्रीय वनात वनखात्याचा विशेष वापर परवाना असावा लागतो. अशा परवानगीसोबत दायित्व विम्याची अट येते. मार्गदर्शकाने रानातील प्रथमोपचाराचे कोणते प्रशिक्षण घेतले आहे, हेही विचारावे. सोळा तासांचा प्राथमिक वर्ग आणि सुमारे सत्तर-ऐंशी तासांचा 'विल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर' अभ्यासक्रम यांत महदंतर आहे. अनेक मुक्कामांच्या मोहिमेसाठी दुसराच अपेक्षित धरला जातो.

हा तपशील कोरडा वाटेल, पण परदेशस्थ मराठी समाजात त्याला विशेष महत्त्व आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरील गटातून एखादा हौशी, बहुधा खरोखरच जाणता माणूस ट्रेक जाहीर करतो आणि माणशी रक्कम गोळा करतो. पेट्रोल, परवाने व शिधा यांचा प्रत्यक्ष खर्च वाटून घेणे ही मित्रांची सहल; त्यावर मानधन घेतले की तो व्यवसाय ठरतो. आयोजक एच-१बी व्हिसावर असेल तर प्रश्न उद्यानापुरता राहत नाही, कारण त्या व्हिसावर अर्ज करणाऱ्या मालकाखेरीज अन्यत्र मोबदल्याचे काम करण्याची मुभा नसते. सोबत्यांच्या बाजूनेही धोका आहेच: पाय मोडला तर विमा कोणाचा, या प्रश्नाला अशा सहलीत कोणाकडेच उत्तर नसते. शेनानडोहच्या अंतर्भागात मुक्कामासाठी परवाना आवश्यक असून एका गटात दहापेक्षा अधिक जण चालत नाहीत. चाळीस जणांची बस भरून नेण्याची मंडळाची पद्धत येथे पहिल्याच रात्री नियमाला अडखळते.

तयारीत सर्वाधिक चुका वजनाच्या व अन्नाच्या होतात. भरलेली सॅक स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून जड नसावी. पाचवा हिस्सा उत्तम. शिधा माणशी रोज पाऊण किलोच्या आसपास. शाकाहारी मंडळींनी दुकानातील महागड्या पाकिटांवरच विसंबण्याचे कारण नाही. पातळ पोहे, भाजलेला रवा, सातूचे पीठ, मेतकूट, गूळपापडी, शेंगदाण्याची चटणी हे सर्व हलके, टिकाऊ आणि शक्तिदायक असते. शेनानडोहच्या अंतर्भागात शेकोटीला मनाई असल्याने गॅसचा लहान स्टोव्ह हवा. फोडणीचा वास मात्र आपल्याइतकाच काळ्या अस्वलालाही प्रिय असतो. अन्न, दंतमंजन, साबण असे वासाचे सारे तेथे जमिनीपासून किमान दहा फूट उंच व खोडापासून चार फूट दूर टांगावे, अथवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावे. तंबूत खाऊ ठेवणे सर्वथा वर्ज्य. शौचासाठी पाण्यापासून दोनशे फूट दूर, सहा ते आठ इंच खोल खड्डा घ्यावा.

अस्वलाची भीती सर्वांना वाटते. प्रत्यक्षात काळजी करावी ती गोचिडीची आणि ओल्या कपड्यांची. गोचिडीमुळे लाइम रोग होतो, म्हणून रोज रात्री अंग तपासावे, विशेषतः काखा, गुडघ्यामागील भाग आणि केसांची मुळे. माथ्यावर दरीपेक्षा साधारण दहा अंश फॅरेनहाइट अधिक थंडी असते. सह्याद्रीच्या पावसात भिजत चालण्याची सवय येथे घातक ठरते, कारण सुती सदरा अंगावर ओला राहिला आणि वारा सुटला तर पन्नास अंश फॅरेनहाइटलाही शरीर गारठून बुद्धी मंदावते. बोलताना शब्द अडखळू लागणे ही पहिली खूण; चांगला मार्गदर्शक ती इतरांआधी हेरतो.

खर्च टाळू इच्छिणाऱ्यांसाठी एक जुना, भरवशाचा मार्ग आहे. हर्नडनहून त्याच जुन्या रेल्वेवाटेने पूर्वेस गेल्यास व्हिएन्ना गाव लागते. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या 'पोटोमॅक अ‍ॅपलेशियन ट्रेल क्लब'चे कार्यालय तेथे आहे. या भागातील वाटांची देखभाल, नकाशे आणि निवाऱ्यांची डागडुजी क्लबचे स्वयंसेवक करतात व त्यांच्या नेतृत्वाखाली चालण्याचे कार्यक्रमही होतात. ब्लू रिजवरील स्निकर्स गॅपपासून दक्षिणेचा अ‍ॅपलेशियन ट्रेलचा साडेतेरा मैलांचा, 'रोलर कोस्टर' नावाने ओळखला जाणारा टप्पा त्यांपैकीच एक. तो भरलेल्या सॅकसह एका दिवसात पार करता आला, तर तीन मुक्कामांची तयारी झाली असे समजावयास हरकत नाही.

निघण्यापूर्वी मार्ग, मुक्कामाच्या जागा, मोटारीचा क्रमांक आणि परतण्याची वेळ घरी लेखी ठेवावी. 'उशीर झाला तर काळजी करू नका' असे मोघम न सांगता, अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे, असे त्यात स्पष्ट लिहावे. दऱ्यांत मोबाइल चालत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र गटात किमान एक असावे आणि ते कोणाच्या सॅकमधील कोणत्या कप्प्यात आहे, हे सर्वांना ठाऊक असावे.